दर्याला वाचता येत नाही

चंदरला इंग्रजी शिकवायला घेतलं तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्या नावावर दोन गोष्टी जमेला धरल्या आणि एक वजा टाकली. जमेला हे, की खाडीच्या तोंडाशी नुसतं शीड दिसलं तरी होडी कोणाची ते तो माझ्या दुर्बिणीच्या आधी सांगत असे. दुसरं, एकदा कानावर पडलेलं तो विसरत नसे. वजा हे, की तो नीराबाईचा मुलगा होता. त्या वजेचं वजन मला तेव्हा कळलं नाही. सव्वीस वर्षं या बंदरावर बसून माणसंच मोजली, तरी बेरीज चुकते ती अशी.

मी बोरखाडी बंदरावरचा कारकून, दयाराम. चौलच्या सुपारीच्या वाड्या संपून रेती सुरू होते तिथं आमचं बंदर. एक दगडी धक्का, एक कौलारू हापिस, मागे माझी खोली आणि उजव्या हाताला कोळीवाडा. मी मूळचा पालीचा. नोकरी लागेपर्यंत देवळाच्या तळ्याहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं, आणि पोहायला अजून येत नाही. अठ्ठावन्न सालच्या मे अखेरीला मी निवृत्त व्हायचा होतो. माझ्या जागी कोण, हे ठरवायचं पत्र वरच्या हापिसातून आदल्या ऑक्टोबरातच आलं. स्थानिक माणूस मिळाला तर बघा. मराठी सातवी पाहिजे. होड्यांचं बुक इंग्रजीत लिहिता आलं पाहिजे. मार्चमध्ये साहेब जातीनं येऊन परीक्षा घेतील.

होड्यांचं बुक म्हणजे भलंमोठं काही नाही. रोजच्या पानावर बंदरातल्या प्रत्येक होडीचं नाव, ती चालवणाऱ्या तांडेलाचं नाव, आणि होडी कुठं आहे ते. धक्क्याला, रेतीवर, खाडीत, की बाहेर दर्यात. पूर्वी हे पान वर कोणी वाचतही नसे. पण आदल्या वर्षापासून उतारूंची लाँच सुरू झाली होती, आणि नव्या नियमानं हे पान पुढच्या कारकुनापासून रोज बाराच्या आत लाँच हाकणाऱ्या सारंगाच्या हातात पडायचं होतं. वाटेत कोणाचं काय आहे, हे त्याला कळावं म्हणून.

चंदर तेव्हा सत्तावीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी नांगराचा दोर अचानक ताणला गेला आणि त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं घेऊन गेला. होडीवर दीड हाताचा माणूस म्हणजे एक माणूस कमी आणि एक ओझं जास्त. हे मी नाही म्हणत, तोच म्हणायचा. थोरला भाऊ सदा होडीवर तांडेल. आई नीराबाई पाटी घेऊन चौलला मासळी विकायला जायची. चंदर दिवसभर अंगणात बसून जाळी विणायचा, आणि जाळी विणणं हे आमच्याकडे म्हाताऱ्यांचं काम. त्याच्याएवढे सगळे दर्यात आणि हा म्हाताऱ्यांच्या रांगेत. ही जागा मिळाली तर तो त्या रांगेतून उठणार होता. दुसरी कुठली जागा त्याच्यासाठी या किनाऱ्यावर नव्हती, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि येताजाता त्याला टोमणे मारणाऱ्या शेजारच्या ठमीलाही माहीत होतं.

शिकवणी रोज तीन वाजता, हापिसाच्या ओटीवर. सातवी तो झाला होता, इंग्रजी अक्षरं ओळखत होता. शब्द पाठ व्हायला वेळ लागला नाही. अडलं ते इन, ऑन आणि ॲटपाशी. आपण शब्दालाच शेपूट लावतो, घरात, घरावर, घराशी, आणि मोकळे होतो. साहेबलोक ते शेपूट कापून पुढे आणून ठेवतात. हे शेपूट कुठलं कधी घ्यायचं, ह्यावर आमचा सगळा नोव्हेंबर गेला.

"होडीत माणूस. इन द बोट," मी सांगितलं. "आणि जहाजावर माणूस. ऑन द शिप."

"दोघं पन बसल्यालेच ना, भाऊ?"

"बसलेलेच."

"मंग लहान असलं का आत, आन मोठं असलं का वर?" त्यानं थोडा विचार केला. "साहेबलोकांचं बराबर हाय. मोठ्याच्या आत कोन शिरू देतो?"

पुढे गावांचं प्रकरण आलं. मी शिकलो त्या वेळच्या व्याकरणात असं होतं की मोठ्या शहराला इन आणि लहान गावाला ॲट. इन बॉम्बे. ॲट रेवदंडा.

"श्रीवर्धन?"

"ॲट."

"आन आमचा कोळीवाडा?"

"ॲटच."

"मंजी आत जायला जागाच न्हाय," चंदर म्हणाला. ओटीच्या पायरीवर बसलेल्या बायका हसल्या. बाजार उरकून परत येताना त्या तिथं टेकायच्या, रिकाम्या पाट्या उपड्या घालून. चार महिने त्यांनी आमची शिकवणी ऐकली. प्रत्येक प्रश्न 'व्हेअर'नं सुरू व्हायचा, त्यामुळे तो शब्द त्यांच्याही तोंडात बसला. ठमी तर कोंबडी शोधतानासुद्धा "व्हेअर गं, व्हेअर गं" करत फिरायची. नीराबाई मात्र हसायची नाही. ती मुलाच्या ओठांकडे बघत राहायची, जाळ्याचा धागा सुईत ओवताना बघावं तशी.

डिसेंबरात चंदरचं टेबलावरचं सगळं पक्कं झालं. दौत टेबलावर, पट्टी दौतीशी, टोपी खुंटीवर, छत्री कोपऱ्यात, मांजर कपाटाखाली. मग होड्यांकडे वळायचं होतं, आणि तिथं मी थांबलो.

कारण असं. घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं' म्हणून विचारू नये, हे आमच्या पालीतही होतं. माझी आई 'कुठं चाललास' कधी म्हणाली नाही. 'लांब का रे?' म्हणायची. पण पालीत माणसानं वेस ओलांडली की तो विषय संपायचा. बोरखाडीच्या कोळीवाड्यात तो माणूस परत येईपर्यंत चालू राहतो. होडी बाहेर गेली की तिच्यावरचा माणूस कुठं आहे, हे घरच्यांनी तोंडानं सांगायचं नाही. दर्याला ऐकू येतं. कोणी विचारलंच तर उत्तर एक: 'येतील.' कधी विचारा, कसं विचारा, येतील. आणि खोटं सांगणं तर त्याहून वाईट. घरी आहे म्हणून सांगितलं, तर दर्या म्हणतो, मग घरीच पोचवतो, आणि तो कसा पोचवतो ते वाड्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी पाहिलेलं.

मी नवीन होतो तेव्हा या 'येतील'वर चिडायचो. मग एक युक्ती काढली. होड्यांचं पान मी त्या दिवशी लिहायचोच नाही. होड्या रेतीला लागल्या की कालच्या दिवसाचं आज लिहायचं. आलेल्या माणसाला काल कुठं होतास म्हणून विचारायला कोणाची हरकत नसते. सव्वीस वर्षं माझं बुक असं एक दिवस मागे चालत होतं, आणि वरच्या हापिसाला ते बरोबर वेळेवर दिसत होतं. आता नव्या नियमानं त्याच दिवशी बाराच्या आत पान द्यायचं म्हटल्यावर ती युक्ती मेली.

मी नीराबाईलाच विचारलं. तिच्या परवानगीशिवाय चंदर एक अक्षर गिरवणार नाही, हे मला कळत होतं.

"नीराबाई, तोंडानं सांगायचं नाही ते ठीक. पण लिहिलं तर?"

तिनं पाटी डोक्यावरून उतरवली, चुंबळ झटकली. ठमी आणि दुसऱ्या दोघी कान देऊन उभ्या. तिनं खाडीकडे बघितलं, जणू समोरच्या पार्टीला विचारून घेत होती.

"लिवलेलं कोन आयकतं?" ती शेवटी म्हणाली. "दर्याला वाचता येत न्हाय."

असा निकाल लागला. मी हरखलो. त्या दिवसापासून होड्यांचा धडा आम्ही मुक्यानं केला. मी दगडी पाटीवर लिहायचो, चंदर वाचायचा आणि खाली उत्तर लिहायचा. 'ॲट सी' आणि 'इन द सी' यांतला फरक मी त्याला असाच शिकवला. पाटीवर एका बाजूला होडी काढली, त्यात माणूस, खाली 'ॲट सी'. दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी आणि त्यात माणसाचं डोकं, खाली 'इन द सी'. चंदरनं दुसरं चित्र तळव्यानं लगेच पुसलं. पहिलं वहीत उतरवून घेतलं. कामावर गेलेल्या माणसासाठी इंग्रजीत वेगळा, जपून वापरलेला शब्द आहे, ह्याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "साहेबलोकांच्या बायका पन किनाऱ्यावर बसत असतील."

फेब्रुवारीत तो पानंच्या पानं लिहायला लागला, माझ्याहून सुबक. मी निश्चिंत होतो. परीक्षा लेखी असणार, हे मी धरूनच चाललो होतो. सरकारशी माझा जन्मभराचा व्यवहार कागदावर झाला. सरकारला तोंड आहे, ह्याची मला कल्पनाच नव्हती. एक कार्ड टाकून विचारलं असतं तर कळलं असतं. नाही विचारलं.

साहेब आले ते मार्चच्या उधाणाच्या गुरुवारी, दहाच्या लाँचनं. कापडियासाहेब. नवसारीकडचे, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. मराठी समजायचं, बोलताना गुजराती मिसळायचं. मी त्यांनाही जमेलाच धरलं होतं आणि अजूनही तिथून काढलेलं नाही. त्यांनी चंदरचा हात पाहिला आणि नजर तिथं रेंगाळू दिली नाही. चहा घेतला. चंदरलाही खुर्ची द्यायला सांगितली. चंदर खुर्चीत कधी बसला नव्हता. तो तिच्या कडेवर टेकला, होडीच्या काठावर टेकावं तसा.

ओटीवर बायका जमल्या होत्या. त्या दिवशी नीराबाई बाजाराला गेली नाही. सदाची होडी मात्र पहाटेच गेली होती. उधाणाला दर्यात बांधून ठेवलेली डोल जाळी वेळेवर उचलली नाहीत तर मासळीसकट फाटतात. परीक्षा आहे म्हणून दर्या थांबत नाही.

"लेखी पेपर कुठला देऊ, साहेब?" मी कागद पुढे केला.

"पेपर नको रे. तोंडीच घेऊ. बे मिनिटनूं काम," साहेब म्हणाले. "लिहायला तुम्ही शिकवलंच असेल."

मी कागद तसाच पुढे धरून राहिलो. पण साहेबांनी सुरुवात टेबलापासून केली. दौत कुठं आहे? चंदर उभा राहून म्हणाला, "द इंकपॉट इज ऑन द टेबल, सर." छत्री? "इन द कॉर्नर." मी कुठं बसलोय? "यू आर सिटिंग ॲट द टेबल, सर." इथं साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या वरच्या हापिसातले निम्मे कारकून ह्या ठिकाणी त्यांना टेबलावर चढवून बसवत असणार. त्यांनी आणखी आठदहा विचारले. लाँच कुठं लागली आहे, पंखा कुठं आहे, रस्ता कुठं वळतो. एकही चुकला नाही. बाहेर ठमी दर उत्तराला पाटीवर टिचकी मारत होती.

साहेबांनी कागदावर सही करायला टोपण काढलं. सही होणारच होती. पण भला माणूस नुसती सही करत नाही. जाताजाता दोन शब्द आपुलकीचे बोलतो. मी त्यांना आधी सांगितलं होतं की ह्याचा भाऊ तांडेल आहे.

"व्हेअर इज युवर ब्रदर टुडे?" त्यांनी हसून विचारलं.

चंदरचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच मिटलं.

ओटीवरची टिचकी थांबली. 'व्हेअर' त्यांना कळत होतं, आणि 'ब्रदर' हा शब्द चार महिन्यांत दहा वेळा आला होता. नीराबाई पायरीवरून उठून उभी राहिली. आत आली नाही. नुसती उभी.

साहेबांना वाटलं, पोरगा बिचकला. त्यांनी प्रश्न सोपा करून दिला. "युवर ब्रदर. इज ही इन द हाउस?"

चंदरनं जोरात मान हलवली.

"ऑन द जेट्टी? ॲट द मार्केट?" साहेब एकेक शब्द त्याच्यापुढे ठेवत होते, लहान मुलाच्या तोंडाशी घास धरावा तसा. "कम, कम. यू नो इट."

चंदरनं धडका हात थोट्या हातानं धरून ठेवला होता. मी मध्ये पडलो. "साहेब, ह्याला दुसरं काही विचारा. किंवा लिहून द्यायला सांगा. लिहून आत्ता देतो तो."

"लिहून कां?" साहेबांना खरंच कळेना. "दयाराम, उद्या लाँचनो सारंग डेकवरून ओरडून विचारेल, समोर काय आहे, कोणाची होडी कुठं आहे? साठ माणसं असतात लाँचमां. तेव्हा हा चिठ्ठी लिहीत बसणार?"

मी कारण सांगायला लागलो, की ह्यांच्यात अशी पद्धत आहे, बाहेर गेलेल्या माणसाचं... आणि साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून थांबलो. ते मन लावून ऐकत होते. हसत नव्हते. पण ही पद्धत ह्या माणसाला जे करू देत नाही ते म्हणजे त्याचं कामच, हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं.

मी ओटीवर गेलो. "नीराबाई, चार शब्द आहेत. इंग्रजीत आहेत. दर्याला इंग्रजी कुठलं कळायला? सांगू दे त्याला."

"तुमची लाँच कुनाच्या भाषेत चालते?" ती म्हणाली. "जहाजं कुनाची आली एवढी वरसं? त्याला समद्या भाषा येतात." मग आवाज खाली करून, "भाऊ, चंदरचा बाप गेला त्या दिशी असाच सरकारी मानूस आलता. काय तरी मोजायला. म्हनला, कुठं हाय इठोबा? मी सोताला शानी समजायची. सांगून टाकलं." काय सांगितलं होतं ते अकरा वर्षांनीही तिनं तोंडातून काढलं नाही. "मी चंदरला न्हाय म्हनत न्हाय. त्याला जागा पायजे. त्यानं सांगावं, माझी आडकाठी न्हाय. त्याचं त्यानं बघावं."

ती असं म्हणाली आणि माझी उरलीसुरली आशा संपली. तिनं 'नको' म्हटलं असतं तर चंदरला तिच्यावर रागावून बोलता आलं असतं.

मी आत आलो तेव्हा साहेब घड्याळ बघत होते. दोनच्या आत ओहोटी लागणार होती आणि पाणी उतरलं की लाँच चिखलात बसते. चंदर अजून उभाच. मला बघून त्यानं घसा साफ केला. मला वाटलं, बोलतोय. ओटीवर सगळ्यांना वाटलं. नीराबाईनं डोळे मिटून घेतले.

"ही विल कम, सर," चंदर म्हणाला.

साहेबांनी टोपण लावलं. रागानं नाही. "आय डिड नॉट आस्क व्हेन," ते म्हणाले. "आय आस्क्ड व्हेअर."

जाताना धक्क्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. पोरगा चांगला आहे, मला वाईट वाटतं, म्हणाले. टेबलावरच्या वस्तू सांगणारा माणूस मला इथं नको, होड्या सांगणारा हवा. निकालाचा कागद त्यांनी माझ्याकडेच ठेवला. 'शेरा' म्हणून शेवटचा रकाना होता, बोटभर रुंदीचा. नापास का, ते त्यात भरायचं आणि उद्याच्या लाँचनं पाठवायचं. "तुम्ही त्याला ओळखता. तुम्हीच लिहा," म्हणाले. हाही भलेपणाच होता.

पावणेदोनला लाँच गेली. साडेतीनला सदाची होडी आली.

चंदर पाण्यात कमरेइतका गेला, दोर घ्यायला. दोर तो नेहमी घेतो; ओढतात दुसरे. सदानं होडीवरूनच विचारलं, "काय रं, साहेब झालास काय?"

"न्हाय."

"येत नव्हतं व्हय?"

"येत व्हतं."

बाकीचं वाड्यानं सांगितलं. ठमीनं सगळ्यात आधी, आणि हातवारे करून. सदा ऐकत पाण्यात उभा राहिला. मांदेलीनं भरलेली पाटी त्याच्या खांद्यावर तशीच. मग तो असा ओरडला की पलीकडच्या होडीवरचे खलाशी वळून बघायला लागले.

"माझ्यापायी? अरं, मी काय मेलो असतो? सांगून टाकायचं व्हतंस! चार अक्षरांनी मरतो काय मी?"

"दादूस, हळू बोल."

"हळू कशाला? चार महिनं शिकलास! आता बस जल्मभर सुई घेऊन. मला सांगाचं तरी, मी आज जालं सोडून दिलं असतं. फाटलं असतं तर फाटलं असतं."

"इचारंल असं कुनाला म्हाईत व्हतं?"

"मंग सांगाचं!"

चंदरनं दोर खुंटाला गुंडाळला. एका हातानं आणि दोन बोटांनी, पण गाठ पक्की बसली. "आज तू बाहेर व्हतास आन मी घरी," तो म्हणाला. "आता उलटं धर. मी बाहेर हाय, आन तुला कुनी इचारलं, चंदर कुठं. तुला जागा मिळतेय. तू सांगतोस?"

सदानं पाटी रेतीवर ठेवली. मांदेलीतून पाणी निथळत होतं. तो त्या पाण्याकडे बघत राहिला. मग दोघं मिळून दुसरी पाटी उतरवायला गेले, आणि नीराबाई मासळी निवडायला बसली. मोठी एका बाजूला, बारीक एका बाजूला, रोजच्यासारखी. तिच्याकडे मला बघवलं नाही.

मी हापिसात येऊन शेऱ्याच्या रकान्यापुढे बसलो. आधी खरं लिहून बघितलं, वेगळ्या कागदावर. आमच्याकडचे लोक असं असं बोलत नाहीत, त्यांचा समज असा की दर्या ऐकतो, वगैरे. पाच ओळी झाल्या. वाचून पाहिलं. मराठीत जी नीराबाई मला माझ्या आईसारखी वाटायची, ती इंग्रजीत लिहिल्यावर वेडी दिसायला लागली. कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, की उमेदवाराला काम येतं, तो फक्त गप्प राहिला. ते वाचून साहेब विचारणार, का? आणि मी परत पहिल्या कागदावर.

उन्हं उतरायला लागली तेव्हा चंदर आला. अंगाला मासळीचा वास, हात धुतलेले. पाठीमागे उभा राहून त्यानं रिकामा रकाना बघितला.

"लिवा, येत न्हाय."

"तुला येतं. साहेबांसमोर टेबलाचा प्रश्न तू जसा सोडवलास..."

"येतं, पन लिवून काय व्हनार? साहेब परत येनार, परत इचारनार, आन दादूस परत बाहेर असनार." तो ओटीकडे बघत म्हणाला. बायका कधीच घरी गेल्या होत्या. "आन खरं लिवलंत तर आयला हसतील. येत न्हाय लिवलं तर मलाच हसतील. तेवढं चालंल."

मी सव्वीस वर्षं होड्यांचं बुक एक दिवस उशिरा लिहिलं, पण त्यात होडी कधी नसलेल्या जागी लिहिली नाही. त्या दिवशी मी लिहिलं. रकान्यात बसावं म्हणून बारीक अक्षरात: कॅन्डिडेट डझ नॉट नो प्रेपोझिशन्स ऑफ प्लेस. म्हणजे, ह्याला इन, ऑन, ॲट येत नाहीत. खाली सही केली. चंदरनं ते ओठ हलवत वाचलं, कुठंही न अडखळता, आणि मान हलवली, काम नीट झाल्यावर हलवावी तशी.

दुसऱ्या दिवशी लाँच आली तेव्हा माझ्याच्यानं धक्क्याच्या पायऱ्या उतरवल्या नाहीत. निकालाचं पाकीट घेऊन चंदरच गेला. धडक्या हातात उंच धरलं होतं, लाटेचं पाणी लागू नये म्हणून. सारंगानं वाकून ते घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"कुनाचं रं हे?"

"माझं हाय," चंदर म्हणाला.